सहा चाकांचा तायडे

सुखदेव तायडेसाठी नाक्याचा बांबू कधी कुणी वर केला नाही. रस्त्यावर आडवा टाकलेला तो बांबू माणसाच्या कमरेच्या उंचीवर असे. बैलगाडी आली की शिपाई दोरी ओढून तो वर करी, ट्रक आला की करी, नगराध्यक्षांची मोटार आली की धावत जाऊन करी. सुखदेव मात्र बडनेऱ्याकडून खर्रर्र करत यायचा, बांबू जवळ आला की बसल्यासारखा खाली वाकायचा, दोन्ही हात पाठीमागे बांधायचा आणि बांबूखालून असा निघून जायचा की वर बसलेली चिमणीसुद्धा उडत नसे. पलीकडे जाऊन वळायचा, टोपी सारखी करायचा आणि खिडकीशी येऊन म्हणायचा, "नमस्कार बापू. द्या चार्ज." कामावर रुजू व्हायची ही त्याची रीत होती.

बापू म्हणजे मी. साठ सालाच्या आगेमागे अमरावतीत बडनेरा रस्त्यावरच्या चुंगी नाक्यावर आम्ही दोघे कारकून होतो. गावात येणाऱ्या मालावर नगरपालिका जो कर घेई, त्याला आमच्याकडे चुंगी म्हणत. कापूस, तूप, गूळ, सागवान, सगळं आमच्या खिडकीसमोरून गावात जाई. पावती फाडायची, बांबू वर. पावती फाडायची, बांबू वर. असल्या नोकरीत माणसाचं डोकं फिरावं यात नवल नाही. सुखदेवच्या पायांनी ते काम केलं.

मागच्या महिन्यात आमच्या कॉलनीत मुलांची चाकांच्या बुटांची शर्यत झाली. कॉलनीत सगळ्यात म्हातारा मी, म्हणून खुर्ची मला. पोरं भारी बूट घालून आली होती. एकेका बुटाखाली चार-चार चाकं, आणि ती सगळी एका ओळीत, एकामागे एक. मी ते पाहून खुर्चीतून अर्धा उठलो. माइकवाला गमत्या होता. म्हणाला, "आपल्या अमरावतीत जुन्या काळी असाच एक तायडे होऊन गेला म्हणतात. चाकांवर अकोल्याला निघाला, आणि ट्रकची साखळी धरून पोचला." सगळे हसले. मीही हसलो. सवयीने हसलो, कारण या गोष्टीवर मी साठ वर्षं हसत आलो आहे. घरी येऊन मात्र जेवण गेलं नाही.

तर आधी तेवढं लिहून टाकतो. ट्रकची साखळी सुखदेवने धरली नव्हती. ती मी धरली होती. ट्रकवाल्याने बडनेऱ्याच्या चहाच्या टपरीवर सांगितलं, की अमरावतीच्या नाक्यावरचा एक कारकून माझ्या ट्रकला लोंबकळत होता. असला उद्योग कोण करणार, म्हणून लोकांनी तायडे धरला. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "असेल." माझा वरच्या जागेसाठी अर्ज गेलेला होता. सुखदेवच्या कानावर हे गेलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "राहू दे बापू. मी तं असाही येडाच हावो लोकायसाठी. त्यात एक ट्रक अजून." पुढे मला वरची जागा मिळाली. त्याला तो ट्रक मिळाला, आणि तो मेल्यावरही त्याच्या मागून सुटला नाही.

आता माणसाबद्दल सांगतो.

हे वेड एका सर्कशीतून आलं. सर्कस गावात शिरताना तिचं सगळं सामान आमच्या नाक्यावरून गेलं. तंबूचं कापड, खुर्च्या, पिंजरे, सगळं बिनबोभाट पार पडलं. एका पेटीत चाकांचे बूट निघाले, तिथे आम्ही अडलो. मी म्हणालो, पायात घालतात, म्हणजे जोडा. सुखदेव म्हणाला, चाकं आहेत, म्हणजे वाहन. जोड्याचा दर वेगळा, वाहनाचा वेगळा. आमचा वाद मिटेना, आणि मागे हत्ती खोळंबला. शेवटी सुखदेव म्हणाला, "घालूनच पाह्यतो. चाललो तं जोडा, सुटलो तं वाहन." तो बूट घालून उभा राहिला आणि रस्त्याच्या उताराला लागला, तो थेट हत्तीच्या पुढच्या दोन पायांच्या मधे जाऊन थांबला. हत्तीने त्याला सोंडेने नीट हुंगलं आणि अलगद बाजूला सारलं. सुखदेवने तिथूनच आवाज दिला, "बापू, वाहन लिवा."

पण खरं कारण हे नव्हे. ते सुमी.

सुमी ही सुखदेवची मुलगी. आई गेली तेव्हा ती पाळण्यात होती. तिला अकोल्याला मामाने, वामनरावांनी नेलं आणि आपल्या मुलांत वाढवलं. सुखदेवने दुसरं लग्न केलं नाही. दर महिन्याला एका रविवारी तो खाऊचा पुडा घेऊन एसटीने अकोल्याला जाई आणि संध्याकाळी परत येई. मी विचारायचो, "काय म्हणते सुमी?" तो म्हणायचा, "काई नाई. बलावलं की येते, पाया पडते, कितवीत हाय ते सांगते, अन् दाराआड जाते." वामनराव चांगले होते, मामी चांगली होती. कुणाचाच दोष नव्हता. मुलीला तो महिन्यातून एकदा येणारा एक पाहुणा वाटे, एवढंच.

सर्कस आली तेव्हा त्याने सुमीला चार दिवस अमरावतीला आणलं. तंबूत दिवे लागले, एक पोरगी चाकांवर गोल गोल फिरायला लागली, आणि आठ वर्षांची सुमी बाकावर उभी राहिली. उभी राहिली ती बापाचा हात धरून. दुसऱ्या दिवशी सुखदेव नाक्यावर आला तो डावा हात उजव्या हातात घेऊन, जसा काही कुणी त्याला तो नवा दिला होता. "बापू," तो म्हणाला, "आपल्या मनानं धरला तिनं. मी नाई म्हटलं धर म्हनून." मग बराच वेळ पावत्या फाडल्या. मग म्हणाला, "एसटीनं जातो तं ती दाराआडून पाह्यते. चाकावर गेलो तं ती पयत येईन. दारातून अशी पयत येईन माह्याकडे."

अमरावती ते अकोला साठेक मैल. मी म्हणालो, "अरे, एसटीतून उतरून तिच्या गल्लीत चाकं घाल." तो माझ्याकडे असा पाहू लागला, की मी जणू त्याला परीक्षेत कॉपी करायला सांगितली.

सर्कशीतल्या बुटांना दोन चाकं पुढे, दोन मागे, खाटेच्या पायांसारखी. सुखदेवने तसेच बूट करून पाहिले आणि आमच्या रस्त्यावर तो त्या बुटांवरून इतक्या तऱ्हांनी पडला, की शिपाई त्याच्या एकेका पडण्याला वेगळं नाव द्यायला लागला. जोडीच्या चाकांमधे खडा अडकायचा. त्यात कापसाच्या गाड्यांच्या लोखंडी धावांनी डांबरात चाकोऱ्या पडलेल्या. एक चाक चाकोरीत, एक बाहेर, आणि सुखदेव तिसरीकडे. एक दिवस तो नाक्यासमोरून सायकली जाताना पाहत बसला होता. एकदम म्हणाला, "सायकलीले कोनी बाजूबाजूनं चाकं लावते काय, बापू?"

जिनिंग फॅक्टरीत करीम मिस्त्री होता. त्याने सागाच्या दोन फळ्या तासल्या, त्यांवर सुखदेवचे जुने बूट ठोकले, एकेका फळीखाली मोडीतल्या बेअरिंगची तीन-तीन चाकं एका ओळीत बसवली, आणि चाकांवर यंत्राच्या जुन्या पट्ट्याचं चामडं ठोकलं. काम झाल्यावर त्याने ती वस्तू उलटीसुलटी करून पाहिली.

"तायडेभाऊ, इस पे आदमी खडा नहीं रह सकता."

"खडा रहना किसको है, मिस्त्री? अकोला जाना है."

त्या काळी सायकलीला चाकपट्टी भरावी लागे आणि पितळी बिल्ला लावावा लागे. सुखदेव स्वतः कर गोळा करणारा. बिनबिल्ल्याचं चाक रस्त्यावर आणणं त्याच्या तत्त्वात बसेना. कचेरीत गेला. तिथल्या बाबूने विचारलं, "चाकं किती?" सहा. बाबूने हिशेब केला, सहा चाकं म्हणजे तीन सायकली. सुखदेवने तीन बिल्ले आणले आणि घोट्याला बांधले. ते छुमछुम वाजत. फायदा असा झाला, की आधी त्याच्या घरघराटाला बैल बुजत, ते आता छुमछुम ऐकून कान टवकारत आणि बाजूला होत. गाडीवानांनी मात्र त्याला सोडलं नाही. "काहून रे तायड्या, एसटी चुकली काय?" हा त्यांचा रोजचा रामराम.

मग सुरू झाली तयारी. सुखदेवचं म्हणणं, चाकांवर लांब जायचं तर तीन गोष्टी पाहिजेत. कंबर खाली. पाय मागे मारायचा नाही, बाजूला ढकलायचा. आणि ढकललेला पाय परत येईपर्यंत सगळा जीव दुसऱ्या पायावर. याला तो "भार बदलणं" म्हणे, आणि हे शास्त्र त्याने सगळ्या आयुष्याला लावलं. नाक्यावर गाडी कलली की म्हणे, भार बदला. माझ्या घरी आईचं आणि बायकोचं वाजलं, तर म्हणाला, "वैनीले आठ दिवस माहेरी धाडा. भार बदला." मी पाठवलं. आठ दिवसांनी दोघी एक झाल्या आणि माझ्यावर आल्या. तो म्हणाला, "पाहा, बदलला का नाई?"

कंबर खाली राहायची सवय व्हावी म्हणून तो दिवसभर वाकून हिंडू लागला. बाजारात वाकून, देवळापुढून वाकून, साहेबासमोर तर फारच वाकून; साहेब खूश झाला. एकदा भाजीबाजारात एका म्हातारीने त्याला थांबवलं, आपली काठी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "घे बाबा. तुले माह्यापेक्षा गरज हाय." सुखदेवने काठी परत दिली तेव्हा त्याला सरळ उभं राहावं लागलं. म्हातारी हात जोडून काठीच्या पाया पडली.

पाय बाजूला ढकलायची तालीम तो कामावरच करी. नाक्याच्या खोलीत शहाबादी फरशी होती. तिच्यावर कॅरमची पांढरी पावडर टाकायची, पायात मोजे घालायचे, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घसरत जायचं, परत यायचं. पावत्या चालूच. गाडीवान खिडकीशी उभा राही तर खिडकीच्या डाव्या बाजूने सुखदेवचं डोकं येई, "गाव?" म्हणे आणि उजवीकडे नाहीसं होई. गाडीवान म्हणे, "हिवरखेड." डोकं उजवीकडून येई, "माल?" म्हणे आणि डावीकडे जाई. "कापूस." असं करत करत पावती तयार होई. नवख्या गाडीवानांचा समज असा झाला होता, की नाक्यावर दोन जुळे भाऊ नोकरीला आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही.

आखाड्याच्या उस्तादांकडे तो बैठका मारायला जाई. उस्ताद म्हणजे डोंगर. एक दिवस ते म्हणाले, "चाकाले कायची ताकद लागते बे? चाक तं आपोआप फिरते." सुखदेव अदबीने म्हणाला, "उस्ताद, चढून पाहा न." उस्ताद ओसरीच्या खांबाला धरून चाकांवर चढले. डावा पाय पूर्वेला निघाला. उजवा जरा विचार करून पश्चिमेला गेला. उस्ताद मधे हळूहळू, कुणालाही न दुखावता, खाली येत गेले. पोरं श्वास धरून पाहत होती. कारण त्या आखाड्यात उस्तादांना कुणी पाडलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. जमिनीवर बसल्यावर उस्तादांनी दोन्ही खांदे चाचपले आणि निकाल दिला, "पाठ लागली नाई. बरोबरी." त्या दिवसापासून सुखदेवला आखाड्यात रोज भिजवलेले हरभरे मिळू लागले.

आधी तो बडनेऱ्यापर्यंत जाऊन येई. मग लोणीपर्यंत. मग एका रविवारी मूर्तिजापूरला पोचला आणि चाकं खांद्यावर टाकून रेल्वेने परतला. उन्हाळ्यात डांबर वितळून चाकं रुतत, म्हणून पहाटे. पावसाळ्यात रस्त्यावर चिखल, म्हणून घरात. टाचांना फोड यायचे. करीम मिस्त्री त्याला फॅक्टरीतली रुई मूठमूठ देई, ती तो बुटात कोंबे. एरवी अर्ध्या गावाला हसवणारा हा माणूस त्या फोडांबद्दल कधी चकार शब्द बोलला नाही.

जानेवारी आला. रस्ता कडक, हवा थंड. मी उत्साहात येऊन सगळी व्यवस्था हातात घेतली. अकोल्याच्या एका व्यायामशाळेला कळवलं. ते हार आणि ताशा घेऊन दुपारी त्यांच्या गावच्या नाक्यावर उभे राहणार होते. वामनराव सुमीला घेऊन येणार होते. नियमही मीच केले. कुठल्याही वाहनाला हात लावायचा नाही, आणि सोबत सायकलवर एक साक्षीदार असावा. साक्षीदार मी. सुखदेवने नियम वाचले आणि म्हणाला, "बापू, साक्षीदाराले झेपन काय?" मी हसलो. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, आणि सायकल नवी होती.

उजाडता उजाडता निघालो. पहिल्या मैलातच मला कळलं, की मी त्याला आजवर नाक्याच्या खिडकीतूनच पाहिलं होतं. मोकळ्या रस्त्यावर तो निराळाच होता. अर्धी चड्डी, घोट्याला बिल्ले, हात पाठीमागे. एका पायावर तो इतका लांब जाई, की आता दुसरा पाय टाकणारच नाही असं वाटे, आणि मग तो आरामात टाकी. डावीकडे झुले, उजवीकडे झुले. दोन्ही बाजूंना वेचायला आलेला कापूस आणि त्यात वाकलेल्या बाया. त्या उठून उभ्या राहत, कमरेवर हात ठेवून पाहत. एकीने विचारलं, "कोठी चालले, भाऊ?" तो न थांबता म्हणाला, "लेकीकडे." मी मागे धापा टाकत होतो.

मूर्तिजापूरला चहा घेतला. तो गूळ-शेंगदाणे चघळत उभ्यानेच पुढे झाला. माझ्या मांड्यांत गोळे आले होते. वारा समोरून. सायकल नवी होती, पण ती चालवायची मलाच होती. तेवढ्यात बैलगाड्यांच्या रांगेमुळे एक ट्रक सावकाश माझ्या बाजूने पुढे सरकला. त्याच्या मागे साखळी लोंबत होती. मी ती धरली. खूप बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की थोड्या वेळाने मी सुखदेवला मागे टाकलं. साक्षीदार पुढे गेलेला पाहून तो मागून ओरडला, "बापू, सोड ते. सोड." मी त्याच्याकडे पाहून हात हलवला. हलवायला एकच हात मोकळा होता, तो हँडलवरचा.

बोरगाव मंजूच्या पुढे रस्त्यात खड्डा आला. ट्रक पुढे गेला, सायकल खाली गेली, आणि मी एका कापसाच्या गाडीच्या जुवावर जाऊन आदळलो. डावा हात कोपराखाली मोडला. सायकलच्या पुढच्या चाकाची जिलबी झाली. एसटी नुकतीच निघून गेली होती, पुढची संध्याकाळी. गाडीवान महादबा, पिकलेल्या मिशांचा शांत माणूस, अकोल्याच्या बाजारात कापूस घेऊन चालला होता. म्हणाला, "टाका वर. हाड मोडलं तं मोडलं, कापूस मऊ हाय."

सुखदेव पोचला तेव्हा घामाने निथळत होता, पण त्याचा दम शाबूत होता. अकोला दहाएक मैल राहिलं होतं. ते त्याने सहज कापलं असतं, हे मी साक्षीदार म्हणून सांगतो. महादबा मला घेऊन येणारच होता. सुखदेवची काही गरज नव्हती. मी "तू जा" म्हणायला हवं होतं. मी त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं आणि म्हणालो, "जाऊ नको रे."

त्याने अकोल्याच्या रस्त्याकडे पाहिलं. रस्ता तिथे सरळ होता, दूरपर्यंत दिसत होता. मग तो रस्त्याच्या कडेला बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला.

बैलांच्या चालीने दहा मैल म्हणजे पाच तास. तेवढा वेळ माझा हात त्याने आपल्या मांडीवर दोन्ही हातांत धरून ठेवला, खड्डा आला की आधीच उचलून धरायचा. महादबाने विचारलं, "हे पायात बांधाची चाकं कायची?" सुखदेव म्हणाला, "काई नाई. हौस." ऊन उतरलं. अकोल्याचा नाका दिसू लागला तसा तो खाली खाली जायला लागला. कापूस उकरून त्यात बसला, मग त्यात निजला, मग वरून कापूस ओढून घेतला. शेवटी नाक राहिलं.

"महादबा, नाक्यावर थांबू नको."

"थांबाच लागते, बापा. चुंगी हाय."

"मंग मी गाडीत नाई म्हना. बापू, तूही सांग. पाय दुखला, राहिला अमरावतीले, सांग. पोरीनं वाट पाह्यली, अन् बाप गाडीत पडून आला, असं नोको व्हाले."

नाकही आत गेलं.

नाक्यावर झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या. ताशेवाले, हारवाले केव्हाच पांगले होते. दगडावर सुमी बसली होती, नव्या फ्रॉकमधे, आणि वामनराव तिच्यापुढे उभे होते.

"चाल न सुमे. दिवेलागण झाली. नाई येत ते आता."

"येतेत ते," सुमी म्हणाली. "त्यायनं सांगतलं मले. चाकं घासले तं उशीर होते."

तेवढ्यात नाक्याचा शिपाई सळई घेऊन आमच्या गाडीकडे आला. कापसाच्या गाडीत लोक तुपाचे डबे लपवून आणत, म्हणून नाक्यावर लांब लोखंडी सळई खुपसून पाहायची पद्धत असे. आमच्या नाक्यावर हे काम सुखदेव फार मन लावून करी. मला बोलायचं सुचेपर्यंत शिपायाने सळई घातली.

"अबे हळू, मांडी हाय," कापूस म्हणाला.

शिपाई सळई टाकून दोन पावलं मागे गेला आणि गाडीतून सुखदेव उभा राहिला. केसांत कापूस, मिशीत कापूस, भुवयांवर कापूस, कानांतून सरकी. एका हातात मांडी, दुसऱ्या हातात बूट. त्याने समोर पाहिलं तर सुमी. बिचाऱ्याला परत आत बसावं की उतरावं ते कळेना.

सुमी हसली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग पोट धरून. मी तिला तोवर हसताना पाहिलं नव्हतं. मला वाटतं, त्यानेही नव्हतं पाहिलं. आणि हसता हसताच ती दगडावरून उतरली आणि धावत आली. वामनराव "अवं, बैल हाय" म्हणत राहिले, तोवर ती चाकावर पाय देऊन गाडीत चढली होती आणि बापाच्या मिशीतला कापूस वेचायला लागली होती. तो अगदी हलत नव्हता.

"हे चाकं?" तिने विचारलं.

"हे."

"घाला न मंग."

"आता कोन पाह्यते, सुमे? गेले सारे."

"मी पाह्यतो न," सुमी म्हणाली.

गाडीच्या साटीवर बसून त्याने बूट घातले. एका बुटाची नाडी तिने बांधली, चुकीची बांधली, ती त्याने तशीच ठेवली. रस्त्यावर उभा राहून तो म्हणाला, "दूर राह्य हं, आता पाह्य कसा जातो." पण तिने त्याचं बोट धरलं होतं, आणि दूर राहायचा तिचा काही विचार दिसत नव्हता.

तेव्हा तो तसाच निघाला. नाक्यापासून वामनरावांचं घर मैलभर असेल. पुढे ती दोघं, मागे वामनराव, त्यांच्यामागे महादबाची गाडी आणि गाडीत मी. चाकांवर जोरात जाणं मी सकाळपासून पाहत होतो. हळू जाणं किती अवघड असतं ते तेव्हा पाहिलं. आठ वर्षांच्या मुलीच्या चालीने जायचं म्हणजे पाय ढकलला की तिथल्या तिथे आवरावा लागतो. त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या. दोनदा तो तोल जाऊन वाकला, दोनदा तिने दोन्ही हातांनी धरलं.

"भराभर चाला न," सुमी म्हणाली.

"थकलो व माय," तो म्हणाला.

तो मुळीच थकला नव्हता.